उन्हाळ्यात इटलीत जाऊन इटालियन शिकायचं असेल तर: तयारीपासून प्रमाणपत्रापर्यंत

चार आठवड्यांचा उन्हाळी वर्ग म्हणजे साधारण ८० तास. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते एक, असं बहुतेक ठिकाणी वेळापत्रक असतं. हे ८० तास मुळाक्षरं, आकडे आणि ‘माझं नाव अमुक’ यात घालवायचे की बोलण्यात, हे विमानात बसण्याआधीच ठरलेलं असतं. एक वाजता वर्ग सुटल्यावर जी लांबलचक दुपार हातात येते, तिचं काय केलं यावर उरलेला निकाल लागतो. इटलीत राहिल्याने भाषा आपोआप येते, हा समज आधी सोडा. वर्गातल्या सगळ्यांना इंग्रजी येतं आणि दुकानदारालाही थोडंफार येतं. त्यामुळे महिनाभर इंग्रजीत राहून परतणारे पुष्कळ असतात.

शहर आणि महिना

भाषेसाठी जायचं असेल तर रोम, व्हेनिस आणि फ्लोरेन्सचा मध्यभाग पहिल्या पसंतीत ठेवू नका. तिथला वेटर रोज शेकडो पर्यटक पाहतो. तुम्ही इटालियनमध्ये सुरुवात केलीत की तो इंग्रजीत उत्तर देतो. मध्यम आकाराचं, विद्यापीठ असलेलं गाव उत्तम. परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवणाऱ्या दोन जुन्या सरकारी संस्था पेरुज्या आणि सिएना इथे आहेत. दोन्हींचं नाव ‘उनिव्हेर्सिता पेर स्त्रानिएरी’, म्हणजे परदेशीयांसाठीचं विद्यापीठ. पेरुज्यात हे वर्ग १९२१ पासून चालू आहेत. बोलोन्या मोठं शहर आहे, पण तिथली विद्यार्थ्यांची वस्ती खरी आहे आणि कमानींखालचे फूटपाथ दुपारच्या उन्हात जीव वाचवतात. उकाडा मात्र दमट असतो.

पेरुज्या आणि सिएना दोन्ही डोंगरावर आहेत आणि दोन्हींची रेल्वे स्टेशनं खाली. पेरुज्यात स्टेशनपासून मिनिमेट्रो वरच्या गावातल्या पिंचेत्तो थांब्यापर्यंत जाते, सिएनात सरकते जिने आहेत. तरी पंचवीस किलोची बॅग घेऊन दगडी चढण चढावीच लागते, म्हणून सामान कमी ठेवा. सिएनात आणखी एक गोष्ट कानाला खटकेल. तस्कनीत दोन स्वरांमधला ‘क’ घासून ‘ह’सारखा होतो, म्हणून ‘ला कासा’ ऐवजी ‘ला हासा’ ऐकू येतं. समजून घ्या, उचलू नका.

जुलै की ऑगस्ट? शक्य असेल तर जुलै. जून-जुलैमध्ये इटालियन विद्यार्थ्यांच्या परीक्षा चालू असतात. त्यामुळे वाचनालयं भरलेली असतात आणि चौकात संध्याकाळी तुमच्या वयाची मुलंमुली भेटतात. ऑगस्टमध्ये ती घरी किंवा समुद्रावर जातात. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सणाच्या आगेमागे निम्म्या दुकानांवर ‘क्यूझो पेर फेरिए’, म्हणजे सुट्टीसाठी बंद, अशी पाटी लागते. तारखा ठरवताना सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टची पालिओ ही घोड्यांची शर्यत, तसंच पेरुज्यातला जुलैमधला जाझ महोत्सव लक्षात ठेवा. त्या दिवसांत खोली मिळणं अवघड होतं आणि मिळालीच तर भाडं चढलेलं असतं.

श्रेयांकांचा प्रश्न पैसे भरण्याआधी

वर्गाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, आपल्या विद्यापीठात चालतील असं गृहीत धरू नका. इटलीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ तासांचे काम, आणि त्यात वर्गासोबत घरचा अभ्यासही धरलेला असतो. संस्थेकडून चार गोष्टी लेखी मागवा: एकूण तास, पातळी, श्रेयांकांची संख्या आणि शेवटी परीक्षा होते की नाही. मग आपल्या विभागाकडून होकार लेखी घ्या. तोंडी ‘बघू नंतर’ हे सप्टेंबरमध्ये उपयोगाचं नसतं.

इथे बरेच जण फसतात. ‘आत्तेस्तातो दि फ्रेक्वेन्झा’ हे फक्त हजेरीचं पत्र आहे. श्रेयांकांसाठी बहुतेक ठिकाणी परीक्षेचा निकाल आणि गुण लागतात. इटालियन विद्यापीठांत गुण ३० पैकी असतात आणि १८ ला उत्तीर्ण धरतात. सर्वोच्च निकाल ‘३० ए लोदे’. आपल्या विभागाला हे माहीत नसेल तर २४ गुण पाहून त्यांचा गैरसमज होईल, म्हणून गुणपद्धतीचा कागद सोबत जोडा.

व्हिसा आणि पोलिसी नोंदी

९० दिवसांपर्यंतच्या वर्गासाठी भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा, लागतो. हिशेब कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा असतो, म्हणजे आधीची युरोपातली सहलही मोजली जाते. अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५. पण खरी अडचण निर्णयाची नसते, अर्ज देण्याची वेळ मिळण्याची असते. एप्रिल ते जूनमध्ये ती पटकन संपते. जुलैच्या वर्गासाठी मार्चअखेर कागद तयार हवेत.

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, पूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, सेवा केंद्राचा आकार वेगळा. प्रवेशपत्रावर वर्गाच्या तारखा, आठवड्याचे तास आणि फी भरल्याची नोंद असू द्या. नुसतं ‘आपला अर्ज स्वीकारला आहे’ असं पत्र कमकुवत ठरतं. सोबत तुम्ही तिथले नियमित विद्यार्थी आहात आणि सुट्टीनंतर पुढच्या सत्राला बसणार आहात, असं आपल्या विद्यापीठाचं पत्र जोडा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. जोडविमान असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

पोहोचल्यावरच्या दोन नोंदी फारसं कोणी सांगत नाही. तुम्ही फ्रँकफर्ट किंवा पॅरिससारख्या दुसऱ्या शेंगेन विमानतळावरून इटलीत शिरला असाल, तर आठ दिवसांच्या आत ‘दिक्याराझ्योने दि प्रेझेन्झा’, म्हणजे आल्याची सूचना, क्वेस्तुरा या पोलीस कार्यालयात द्यावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलची नोंद त्याऐवजी चालते. दुसरी नोंद घरमालकाची. परदेशी पाहुणा ठेवणाऱ्याने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. कुटुंबात राहणार असाल तर ‘नोंद केलीत का?’ हे पहिल्या दिवशी नम्रपणे विचारा आणि प्रत मागून घ्या.

खोली

कुटुंबात खोली की विद्यार्थ्यांसोबतचा फ्लॅट? भाषेसाठी कुटुंब, विशेषतः ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये उरतात ते तुमच्याच वर्गातले परदेशी. रात्रीचं जेवण आठच्या सुमाराला टेबलाभोवती होतं. ते जेवण म्हणजे फीमध्ये न मोजलेला दीड तासाचा वर्ग आहे.

जाहिरातीत ‘सिंगोला’ म्हणजे एकट्याची खोली आणि ‘पोस्तो लेत्तो’ म्हणजे कुणाच्या तरी खोलीतली फक्त एक खाट. ‘स्पेझे एस्क्लूझे’ लिहिलं असेल तर वीज-पाणी-गॅस वेगळं. खोली न पाहता, फक्त फोटोवरून, खासगी व्यक्तीला अनामत पाठवू नका. संस्थेच्या निवास विभागाकडून आलेला पत्ता थोडा महाग पडला तरी चालेल.

इटालियन घरात वीज जपून वापरावी लागते. बहुतेक घरांचा जोड ३ किलोवॅटचा असतो. ओव्हन चालू, कपडे धुण्याचं मशीन चालू, आणि कुणी केस वाळवायचं यंत्र लावलं की मीटर पडतो आणि घर अंधारात. एका वेळी एकच मोठं यंत्र. ‘कोन्तातोरे’, म्हणजे मीटर, कुठे आहे ते आल्याआल्या विचारून ठेवा. कधीकधी तो तळमजल्यावर कुलपामागे असतो. एसी नसेल तर सकाळी नऊच्या आत खिडकीच्या लाकडी झडपा बंद करायच्या आणि रात्री उघडायच्या. दिवसा ‘हवा येऊ दे’ म्हणून उघड्या ठेवल्या तर खोली रात्रभर तापलेली राहते. तीन गोल पिनांचा भारतीय प्लग तिथे बसत नाही. दोन बारीक गोल पिनांचा चालतो.

जाण्याआधीचे दोन महिने: मराठीतून शिका

मराठी माणूस इटालियन शिकायला इंग्रजी पाठ्यपुस्तक घेतो आणि स्वतःच्या भाषेत असलेलं भांडवल वापरतच नाही. ते वापरा.

उच्चारांपासून सुरू करा. इटालियन त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजीच्या सवयीने ‘टुट्टो’ म्हणू नका, ‘तुत्तो’ म्हणा. पित्सामधला ‘त्स’ म्हणजे ‘चमचा’मधला च, फक्त जोड देऊन. जोडव्यंजनं आपण ‘पक्का’, ‘सत्ता’ मध्ये रोज म्हणतो, तोच जोर इटालियनमध्ये द्या. तो न दिल्यास अर्थ बदलतो: ‘आन्नो’ म्हणजे वर्ष, आणि ‘आनो’ म्हणजे गुदद्वार. वय सांगताना ‘ओ व्हेन्तान्नी’मधला न दाबूनच म्हणा.

मग क्रियापदं. ‘मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात’ यात क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं. इटालियनमध्येही तसंच: ‘मी प्याचे इल लीब्रो’, ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे आठवडाभर अडखळतो, तुम्हाला पाच मिनिटं पुरावीत.

भूतकाळात तर हा फायदा आणखी मोठा आहे. मुलगा ‘मी गेलो’ आणि मुलगी ‘मी गेले’ म्हणते, तसंच तिथे ‘सोनो आन्दातो’ आणि ‘सोनो आन्दाता’. जाणे, येणे, राहणे, पडणे अशी क्रियापदं मराठीत कर्त्याप्रमाणे बदलतात, तीच इटालियनमध्ये ‘एस्सेरे’ (असणे) हे सहायक क्रियापद घेतात. ‘खाल्लं, पाहिलं, केलं’ ही ‘आव्हेरे’ (जवळ असणे) घेतात. नियम शंभर टक्के जुळत नाही: हसलो, झोपलो, चाललो, शिकलो ही मराठीत कर्त्याप्रमाणे चालतात, पण इटालियनमध्ये ‘आव्हेरे’ घेतात. अशी क्रियापदं वेगळी पाठ करा. कर्माप्रमाणे बदलही ओळखीचा आहे, पण अर्धाच. ‘पित्सा कुठंय?’ ‘खाल्ली’ याला ‘लो मान्जाता’, शेवटी आ. मात्र कर्म क्रियापदानंतर आलं तर बदल नाही: ‘ओ मान्जातो ला पित्सा’. आणि ‘मी रोज जायचो’ किंवा ‘जात होतो’ यासाठी ‘आन्दाव्हो’. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांतला फरक तुम्हाला कळतो, म्हणजे इटालियनच्या दोन भूतकाळांतला सर्वांत अवघड फरक निम्मा कळला.

अवघड जातं ते मराठीत नसलेलं, म्हणजे नामाआधीचं उपपद. इल, लो, ला, ई, ल्यी, ले. नाम कधीच एकटं पाठ करू नका. ‘स्तुदेन्ते’ नाही, ‘लो स्तुदेन्ते’ लिहा. पुल्लिंगी शब्दाच्या सुरुवातीला स नंतर व्यंजन आलं किंवा शब्द झ-त्सने सुरू झाला की ‘लो’. उपपद आणि शब्दयोगी अव्यय मिळून होणारे ‘आल, नेल, दाल’ यांचा तक्ताही घरीच घोटा. वर्गात त्याला वेळ देणं परवडत नाही.

दोन महिन्यांत रोज चाळीस मिनिटं दिलीत तर एवढं नक्की होतं: उच्चार, १ ते १०० आकडे ऐकून लिहिता येणं, वेळ सांगणं, आणि असणे-जवळ असणे-जाणे-करणे-हवं असणे-शकणे-लागणे ही सात क्रियापदं वर्तमानात. आकडे ऐकण्यावर दुप्पट वेळ द्या. गल्ल्यावर ‘दूए ए चिन्क्वान्ता’ भरभर म्हटलं जातं, म्हणजे अडीच युरो.

पातळीची चाचणी

पहिल्या दिवशी लेखी चाचणी होते. पुस्तकावरून तयारी केलेल्याला ती वरच्या वर्गात टाकते, कारण व्याकरण येतं आणि कान तयार नसतो. मोबाइलवर उत्तरं शोधून चाचणी दिली तर पुढचे चार आठवडे गप्प बसण्यात जातात. तोंडी चाचणी होत नसेल तर मागून घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत शिक्षक बोलतात त्यातलं निम्म्याहून कमी कळत असेल तर खाली जा. सगळंच कळत असेल तर वर जा. वर्ग बदलण्याची मुभा साधारण पहिल्या आठवड्यापुरतीच असते. लाजून थांबू नका.

दुपार

एक ते चार गावातली छोटी दुकानं बंद असतात आणि ऊन तापलेलं असतं. हा वेळ लेखनाला द्या. सकाळचं व्याकरण वापरून स्वतःबद्दल दहा वाक्यं लिहा. संध्याकाळी एकच काम ठरवून बाहेर पडा आणि ते इंग्रजीशिवाय पूर्ण करा. सुई-दोरा, सायकलचा पंक्चर, वाचनालयाचं कार्ड, केस कापणं, औषधाच्या दुकानात डासांसाठी मलम. जाण्याआधी लागतील ती पाच वाक्यं लिहा. परत आल्यावर समोरच्याने उलट विचारलेलं, ज्याची तयारी नव्हती, ते लिहा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन जा. दुसरी यादी हळूहळू जास्त मोलाची ठरते.

यासाठी बाजारासारखी जागा नाही. फळांना हात लावायचा नाही, विक्रेता निवडून देतो. हॅम, चीज, ऑलिव्ह ‘एत्तो’मध्ये मागायचं, एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. पाटीवरचा भाव कधीकधी एत्तोचा असतो. तो किलोचा समजून अर्धा किलो चीज मागितलं की अंदाजाच्या दहापट हिशेब होतो. मग भाजी उचलून ‘कोमे सी कूचीना?’, ही कशी शिजवायची, एवढंच विचारा. पुढे जे सुरू होतं ते ऐकायला कान लागतात. सुपरमार्केटात उलट आहे. भाजी स्वतः घ्यायची, तीही तिथे ठेवलेला प्लास्टिकचा हातमोजा घालून. मग काट्यावर ठेवून फळाचा क्रमांक दाबायचा आणि निघालेलं लेबल पिशवीला लावायचं. लेबल नसेल तर मागची सगळी रांग थांबते.

समोरचा इंग्रजीत आला तर ‘स्तो इम्पारान्दो लितालियानो’, मी इटालियन शिकतोय, एवढं हसून म्हणा आणि आपलं वाक्य इटालियनमध्ये पूर्ण करा. बहुतेक जण आनंदाने परत येतात. ‘तू’ आणि ‘लेई’ यांचं भान ठेवा. ‘तू’ आपल्या तूसारखाच, विद्यार्थ्यांत चालतो; ‘लेई’ म्हणजे आदराचं ‘तुम्ही’. दुकानदार, शिक्षिका, घरच्या आजी यांना ‘लेई’, जोवर त्या स्वतः ‘द्यामोची देल तू’ म्हणत नाहीत. थांबवून काही विचारताना वयस्कांना ‘स्कूझी’, मित्राला ‘स्कूझा’.

वर्गातल्या मित्रांसोबतच इंग्रजी सर्वांत जास्त घुसतं. दोन वेगळ्या देशांचे सोबती निवडा, ज्यांची इंग्रजीही तुमच्याइतकीच दुसरी भाषा आहे. त्यांच्यात इटालियन टिकतं.

शाकाहारी असाल तर

‘सेन्झा कार्ने’, मांस नको, एवढं पुरत नाही. हॅम किंवा मासा त्यात न धरणारे भेटतात. ‘ने कार्ने, ने पेश्शे, ने प्रोशुत्तो’ असं पूर्ण सांगा. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपमध्ये पान्चेत्ता म्हणजे डुकराचं मांस असू शकतं, रिझोत्तो हा भाताचा पदार्थ बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, आणि पारंपरिक प्यादीना ही चपटी रोटी डुकराच्या चरबीत मळतात. खरं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेट या विरजणाने जमवलेलं असतं. कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं. पित्सा मारिनारा निर्धास्त: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. नाव समुद्राचं असलं तरी मासा नाही आणि चीजही नाही.

प्रवास

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, मोबाइलवरच्याला चेक-इन करावं लागतं. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो. आसन आरक्षित असलेल्या जलद गाड्यांना हे लागत नाही. शहरातल्या बसचं तिकीट ‘ताबाक्की’ या तंबाखूच्या दुकानात घेऊन बसमध्ये छापायचं. ‘शोपेरो’, म्हणजे संप, आधी जाहीर होतो आणि शुक्रवारी बऱ्याचदा असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्यांच्या ठराविक फेऱ्या धावतातच. परतीचं विमान असेल तर त्या वेळा पाहून निघा.

प्रमाणपत्राची परीक्षा

चार परीक्षा मान्य आहेत: पेरुज्याची चेली, सिएनाची चिल्स, दान्ते अलिगिएरी संस्थेची प्लिदा आणि रोमा त्रे विद्यापीठाची. नावांतल्या आकड्यांनी गोंधळ होतो. युरोपात भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत मोजतात. चेली २ म्हणजे बी१ पातळी, पण चिल्स दूए, म्हणजे दोन, ही बी२ आहे. नोकरी किंवा प्रवेशासाठी कुणी ‘दोन नंबरची’ मागितली तर पातळीचं अक्षर विचारा. परीक्षा ठरलेल्या तारखांनाच होते आणि नोंदणी काही आठवडे आधी बंद होते, म्हणून वर्गाच्या तारखा निवडतानाच ते पाहा. चार आठवड्यांत एक पूर्ण पातळी चढून लगेच परीक्षा देण्याचा हट्ट करू नका. एक पातळी खालची परीक्षा चांगल्या गुणांनी देणं शहाणपणाचं.

शेवटच्या आठवड्यात सोमवारीच कार्यालयात जाऊन निकालपत्र, तासांची नोंद आणि शिक्का कधी मिळेल ते विचारा. वर्ग ऑगस्टच्या मध्याला संपत असेल तर शेवटचा शुक्रवार धरू नका. फेर्रागोस्तोमुळे खिडकी बंद मिळेल आणि शिक्का नसलेला कागद आपल्या विद्यापीठात चालणार नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, आडनाव आणि नाव उलटं तर छापलं नाही ना, हे खिडकीवर उभं असतानाच तपासा. इटलीत आडनाव आधी लिहिण्याची सवय असते आणि वडिलांचं नाव कोणत्या रकान्यात घालायचं हे त्यांना कळत नाही. तिथल्या तिथे दहा मिनिटांत बदलून मिळतं, परत आल्यावर ईमेलने महिने जातात.